डेक कितीले पडला?

कुणी बांधकाम काढलं की मागे वाळू उरते, विटा उरतात, रंगाचे अर्धे डबे उरतात. वाळू पोरं खेळून संपवतात, विटा शेजारी मागून नेतात. किस्से मात्र कुणी उचलून नेत नाही! ते तिथंच साठत राहतात आणि मग माझ्यासारखी एखादी ते चहाबरोबर वाटत बसते. आमच्या गल्लीत तर घरही बांधलं नव्हतं हो कुणी. नुसता एक डेक बांधला होता. पण किस्से बंगल्याला पुरतील एवढे झाले.

आधीच सांगून ठेवते. ज्या बाईनं तो डेक बांधला, तिच्यावर मी जवळजवळ वर्षभर जळत होते. 'थोडं वाईट वाटलं' वगैरे नाही, चांगली खमंग जळत होते. तेव्हा ह्यातलं तिखटमीठ माझ्या हातचं आहे, हे धरून चाला.

खामगावातली आमची गल्ली. मी प्राथमिक शाळेत शिकवते, आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबाला आहेत. आमच्या समोर शोभा वानखडे. शेजारी नसीमभाभी, त्यांच्या मिस्टरांचं, रशीदभाईंचं, टाइल्सचं दुकान. कोपऱ्यावर वर्षा इंगळे, सरकारी दवाखान्यात नर्स. पोरं बालवाडीत होती तेव्हापासून आम्ही चौघी रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसत आलो. चहा माझा, विषय कुणाचाही.

चौघींची चार पालुपदं. नसीमभाभी कशावरही "अल्ला खैर करे" म्हणणार. वर्षाला भजी दाखवा नाहीतर लग्नपत्रिका दाखवा, ती म्हणणार, "बीपी वाढन हं!" शोभाला अवघड विषय टाळायचा असला की ती कप पुढे सरकवायची, "चाय घे, निवून राह्यली."

आणि माझं पालुपद म्हणजे, "कितीले पडलं?"

काय करू, नवी वस्तू दिसली की तोंडातून निघूनच जातं. एकदा दवाखान्यात एकीचं बाळ बघायला गेले. झबलं फार गोड होतं. मी म्हटलं, "कितीले पडलं वं?" बाळाच्या बापानं दवाखान्याचं बिलच काढून दाखवलं!

* * *

शोभाची पल्लवी अमेरिकेत असते. तिच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी शोभा सहा महिने तिकडं राहून आली. मुलगी-जावई कामाच्या रगाड्यात, बाळ पाळण्यात, आणि मोठी नात इरा तीन वर्षांची, ती सारा दिवस आजीच्या मागं.

परत आल्यावर आम्ही ओट्यावर तिला घेरलं. काय काय पाहिलं सांग म्हटलं.

"काय पाहतं माय? घराच्या मांगं डेक होता. मी अन् इरा दिवसभर डेकवर."

"दिवसभर काय करत होत्या?"

"काही नाही. गोष्टी सांगो पोरीले." मग म्हणाली, "मी बी बांधून राह्यली. मांगच्या अंगनात. डेक."

आता आमच्याकडे डेक म्हणजे गाणी वाजवायचा. वरातीत लावतात, गणपतीत लावतात, खिडकीच्या काचा थरथरतात, तो. तो बांधतात हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"बांधना कायकू?" नसीमभाभी म्हणाल्या. "किराये पे मिलता ना! अल्ला खैर करे, रोज बजाएगी क्या?"

शोभानं मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा उलगडा झाला. मागच्या दारातून बाहेर पडलं की लाकडी फळ्यांचा मोठा चौथरा, वर खुर्च्या मांडलेल्या. आम्हाला उलगडा झाला, पण बातमी तोवर गल्लीभर गेली होती. शोभाच्या मागच्या भिंतीला लागून गुलाबकाकांचं घर. दुसऱ्याच दिवशी ते काठी टेकत शोभाकडे आले. "बाई, माह्या छातीचं ऑपरेशन झालेलं हाय. वाजवा, नाही म्हनत नाही. पन बेस तेवढा कमी ठेवा!"

डेक बांधून झाला. महिना गेला. एक दिवस गुलाबकाका भिंतीवरून डोकावले. "काऊन बाई, आवाज नाही येऊन राह्यला? बिघडला का?"

"नाही काका," शोभा म्हणाली, "मस्त चालू हाय."

काका अजूनही लोकांना सांगतात, "अमेरिकेचं तंत्र लय पुढं गेलं. डेक चालू असते, पन आवाज घरच्याइलेच येते!"

* * *

ह्याच्या आधीचं सांगते. सुतार कामाला लागले, सागवानाच्या फळ्या आल्या, रंधा चालू झाला. मी रोज माझ्या ओट्यावरून आवाज ऐकायची. आमचे हे नांदुऱ्याकडच्या खेड्यातले. एका रविवारी ते समोर जाऊन काम पाहून आले आणि जेवताना म्हणाले, "काही नाही वं. मचाण होय ते. ज्वारीच्या वावरात पाखरं हाकलाले करते ना, तेच. फक्त बुटकं हाय."

मला इतका आनंद झाला की ह्यांना मी तुपाची आणखी एक धार वाढली. त्या आठवड्यात मी हा विनोद शाळेत, किराणा दुकानात आणि नळावर मिळून इतक्यांदा सांगितला की तो शेवटी शोभापर्यंत पोचला. पोचावा म्हणूनच सांगत होते.

ती संध्याकाळी ओट्यावर आली. कप उचलला. म्हणाली, "हाव वं मंगला. मचाणच होय. आता पाखरं येतीनच."

आणि खरंच आली! पुढच्या सोमवारी डेकवर पहिला चहा झाला. नसीमभाभी गेल्या, वर्षा गेली, दोघींच्या जावा गेल्या. शोभानं मलाही हाक मारली होती, पण मी डोकं दुखतंय म्हणाले. पडद्याआडून पाहिलं तर समोरच्या दाराशी चपलाच चपला. माझ्या ओट्यावर तेव्हा फक्त मांजर होतं, आणि तेही थोड्या वेळानं उठून तिकडंच गेलं.

* * *

आता मूळ प्रश्न. कितीले पडला?

मी शोभाला पहिल्यांदा विचारलं ते आमच्या दोन घरांमधल्या रस्त्यावर. ती म्हणाली, "ये ना वर, चाय घे." मी म्हटलं, आधी सांग. ती म्हणाली, आधी ये.

मग मी आजूबाजूनं माहिती काढायला घेतली. वर्षाला ती म्हणाली होती, "एक स्कूटी आली असती." नसीमभाभीला म्हणाली होती, "सोन्याचे दोन कडे गेले समजा." देऊळगाव राजाहून तिची नणंद आली होती. नणंदेचं घर बांधायचं चाललंय आणि ती भावाकडं आशेनं पाहते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. तिला शोभा म्हणाली, "कायचं काय ताई! जुनी लाकडं पडेल होती घरात, सुतारानं मजुरी तेवढी घेतली."

मी तिन्ही उत्तरं ह्यांच्यापुढं मांडली. म्हटलं, तुम्ही एवढे हिशेब करता, काढा बरं खरा आकडा.

ह्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे तिनं कडे मोडून जुनी स्कूटी घेतली, अन् तिची लाकडं निघाली."

हसायला मला वेळ नव्हता. मी सरळ शोभाकडे निरोप पाठवला, तोही वर्षाच्या तोंडून, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. निरोप असा: "खर्च सांगितल्याशिवाय मी त्या डेकवर पाय ठेवणार नाही."

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. "पाय ठेवल्याशिवाय मी खर्च सांगनार नाही."

वर्षा मधल्या मधे उभी होती. म्हणाली, "तुमचं दोघीचं पाहून माह्यीच बीपी वाढन!"

* * *

एकदा घरपट्टीची मोजणी करणारा माणूस आला. गल्लीत नवीन बांधकाम कुणाचं, म्हणून त्यानं विचारलं. मी काही बोलले नाही. मी फक्त समोरच्या घराकडे पाहिलं. नुसतं पाहण्याला कुणी चुगली म्हणू शकत नाही.

तो मागं गेला. टेप काढला. शोभा म्हणाली, "साहेब, हे बांधकाम नोहे. फर्निचर होय. जमिनीत कुठं गाडेल नाही, पाहून घ्या. पलंग समजा."

साहेबांनी वाकून खालून पाहिलं. मग उभं राहून त्या चौथऱ्याची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजली. "पलंग? बाई, घरात मानसं किती?"

"आम्ही दोघंच."

"बाप्पा!" म्हणाले साहेब, आणि चहा पिऊन गेले. डेकवर बसून प्यायले, हे विशेष! सरकारी माणूससुद्धा माझ्या बाजूनं राहिला नाही.

* * *

उन्हाळा लागला आणि मला जरा बरे दिवस आले. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. अमेरिकेत डेकवर लोक ऊन खायला बसतात म्हणे. इथं ऊनच माणसाला खातं! दुपारी वर्षा अनवाणी एक पाऊल टाकून बघायला गेली ती ओरडत घरात पळाली. दवाखान्यातून मलम तिनंच आणलं, लावलंही तिनंच.

म्हणजे मार्चपासून जूनपर्यंत डेक बंद. मी रोज उन्हाला मनातल्या मनात शाबासकी देत होते.

पण शोभाच ती. एक दिवस सकाळी पाहते तर डेकवर स्वच्छ धोतरं अंथरलेली आणि त्यांवर कुरडया. दुसऱ्या दिवशी नसीमभाभीच्या शेवया, मग वर्षाचे पापड. सगळ्या गल्लीचं वाळवण तिकडं! खालून फळ्यांच्या फटींतून वारा, वरून ऊन. जे गच्चीवर तीन दिवस घेतं, ते तिथं एका दिवसात खणखणीत.

मी एकटीनं माझ्या कुरडया माझ्या गच्चीवर घातल्या. तिसऱ्या दिवशी वावटळ आली. अर्ध्या कुरडया धुळीनं लाल झाल्या आणि उरलेल्या गुलाबकाकांच्या अंगणात पडल्या. त्यांनी प्रामाणिकपणे वेचून परत आणून दिल्या, तेच जास्त लागलं.

त्या संध्याकाळी शोभानं डबा भरून कुरडया पाठवल्या. मी एक तळून पाहिली. पांढरीशुभ्र, आणि फुलली ती इतकी फुलली की झारा पुरेना. ह्यांनी चार खाल्ल्या आणि म्हणाले, "ह्या वर्षी तुह्या कुरडया मस्त झाल्या वं!"

कढईतलं तेल जास्त तापलं होतं की मी, ते सांगता येणार नाही.

* * *

मग मी ठरवलं, आपणही काहीतरी करायचं. लाकूड नको. तिनं केलं तेच आपण करायचं म्हणजे हरल्यासारखं दिसतं. मी ओट्याला ग्रॅनाइट बसवायचं ठरवलं. काळं, आरशासारखं.

रशीदभाईंच्या दुकानातून दगड आला. कारागीर पॉलिश करून गेले. ओटा असा चमकला की खाली वाकलं तर कुंकू नीट करता यावं! मी बिस्किटांचा मोठा पुडा आणला, नवीन कप काढले आणि दारात उभी राहिले.

आल्या हो सगळ्या. शोभासुद्धा आली. "अगं बाई!" झालं, "माशाअल्ला" झालं. वर्षानं मोबाइलवर फोटो काढला. मी म्हटलं, बसा ना.

कुणी बसेना.

"इतकं चकाचक केलं," वर्षा म्हणाली, "पाय कसा ठेवू? दवाखान्यातून आली मी, चपला पहा माह्या."

"दाग पडेगा," नसीमभाभी म्हणाल्या.

मी पुन्हा म्हटलं, बसा. त्या पुन्हा म्हणाल्या, राहू द्या. चौघींनी रस्त्यावर उभं राहून चहा प्यायला! कप ठेवायलासुद्धा त्यांनी ओटा वापरला नाही. आणि मग "जरा पाय मोकळे करू" म्हणून त्या तिघी गेल्या कुठं? डेकवर. तिथं चहा सांडला तर फळ्यांतून खाली जातो, कुणाला काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं विचारलं, "म्याडम, वट्टा मस्त झाला. कितीले पडला?"

मी म्हटलं, "दोन लिटर दे, अन् नीघ."

* * *

हा पुढचा किस्सा मी सहसा सांगत नाही, पण आज सांगते. पावसाळ्यात माझ्या मनात एक विचार आला. लाकूड म्हटलं की वाळवी आलीच. इतकं मोठं सागवान जमिनीला टेकलेलं, पावसाची ओल, आणि आपली काळी माती. मी देवापुढं दिवा लावताना उघड काही मागितलं नाही. फक्त वाळवीची आठवण करून दिली.

देवानं ऐकलं! पंधरवड्यात वाळवी लागली.

माझ्या दाराच्या चौकटीला. ओट्याला लागून जी चौकट आहे तिलाच. ग्रॅनाइट बसवताना मागं जी फट राहिली, तिथूनच ती आली म्हणे. अर्ज मंजूर झाला होता, पत्ता तेवढा चुकला.

ह्यांनी चौकटीला बोट लावलं तर बोट आत गेलं. कुणी तरी शोभाला सांगितलं असणार, कारण ती तोंडाला ओढणी बांधून, हातात औषधाचा डबा घेऊन रस्ता ओलांडून आली. डेकला आधीच मारून घेतलं होतं म्हणे, त्यातलं उरलेलं. तिनं स्वतः ब्रशनं चौकटीला वरपासून खालपर्यंत औषध लावलं. मी बाजूला उभी. आभार मानू की काय करू, कळेना.

काम झाल्यावर ओढणी सोडत ती म्हणाली, "येशीन का आता वर?"

मी म्हटलं, "कितीले पडला?"

ती हसली आणि डबा घेऊन गेली. ह्यांनी कपाळाला हात लावला.

* * *

आणि मग ती खुर्चीची भानगड कळली.

डेकवर शोभानं चार वेताच्या खुर्च्या आणल्या होत्या. तीन साध्या आणि एकीवर गादी. कितीही माणसं आली तरी गादीच्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. बायका पायऱ्यांवर बसत, खाली सतरंजीवर बसत, पण ती खुर्ची रिकामी. एकदा रशीदभाई नसीमभाभीला बोलवायला गेले आणि चुकून तिथं टेकले. शोभानं त्यांना उठवलं! "भाईजान, तिच्यावर नका. पाय मोडका हाय तिचा."

"पाय एकदम साबूत है," नसीमभाभी मला म्हणाल्या. "मैने हिलाके देखा. अल्ला खैर करे, किसके वास्ते रखी क्या मालूम!"

मला मालूम होतं. जावयासाठी! दुसऱ्या कुणासाठी असणार? दिवाळीत पल्लवी पोरींना घेऊन येणार होती, जावई येणार होता. अमेरिकेचा जावई, अमेरिकेसारखा डेक, त्यावर गादीची खुर्ची. मला वाटलं, एवढी वर्षं आम्ही हिच्यासोबत ओट्याच्या गार फरशीवर बसलो, आमच्यासाठी कधी गादी निघाली नाही!

मी ते ह्यांना म्हटलं. खरं सांगायचं तर मला तो डेक नकोच होता हो. मला माझ्या तिघी परत हव्या होत्या. संध्याकाळी सहा वाजले की मी दोन कप चहा करायची आणि ओट्यावर एकटी बसायची. ग्रॅनाइट गार लागायचं. समोरच्या घरामागून हसण्याचा आवाज यायचा आणि मला कळायचं नाही की कशावर हसतायत. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं की त्या हसल्या आणि मला कारण माहीत नाही.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "मग जा ना वं. कोन धरलं तुले?"

"कशी जाऊ? तिनं आकडा कुठं सांगितला अजून!"

* * *

दिवाळीत पल्लवी आली. दोन्ही पोरी घेऊन आली. जावयाला सुटीच मिळाली नाही, तो आला नाही. गादीची खुर्ची फुकट गेली, असं मी मनात म्हटलं.

पण माहेरवाशीण आली आणि समोरची बाई भेटायला गेली नाही, असं आपल्याकडे चालत नाही. मी दोघी पोरींना फ्रॉक घेतले, फराळाचा डबा घेतला आणि समोर गेले. पुढचं दार सताड उघडं. घरात कुणी नाही. सगळ्या मागं.

मी स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावर थांबले. पुढं पाऊल टाकलं तर डेक होता. नसीमभाभी एका खुर्चीवर, वर्षा एका खुर्चीवर, शोभा एका खुर्चीवर चहा गाळत होती. चौथी, गादीची, रिकामी. पल्लवी मांडीवर धाकटी घेऊन सतरंजीवर बसली होती. मोठी, इरा, आता चार वर्षांची झालेली, फळ्यांवर खडूनं काहीतरी काढत होती.

"काकू!" पल्लवी उठली. "या ना!"

"मी इथंच बरी आहे," मी म्हटलं.

शोभानं वर पाहिलं. चहा गाळत राहिली.

इरा उठून माझ्यापाशी आली आणि मला न्याहाळायला लागली. गोड पोरगी. अंगात निळा फ्रॉक, त्याला पांढरी लेस, लेसवर बारीक मोती. इतका सुंदर फ्रॉक मी खामगावात पाहिला नव्हता. मी वाकून त्याची कड हातात घेतली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "फ्रॉक छान आहे वं! कितीले पडला?"

पोरीचे डोळे मोठे झाले.

"कितीले आजी!" ती किंचाळली. "आई, कितीले आजी आली! कितीले आजी!"

मला काही समजायच्या आत तिनं माझा हात धरला आणि ओढलं. मी उंबरा ओलांडला. डेकवर पाय पडला. ती मला ओढत खुर्च्यांपाशी घेऊन गेली आणि एकेका खुर्चीवर थाप मारत, त्या तिकडच्या गोड बोबड्या मराठीत सांगायला लागली, "ही आल्ला खैर आजी. ही बीपी आजी. ही माझी आजी. अ‍ॅन्ड ही..." तिनं गादीच्या खुर्चीवर दोन्ही हात आपटले. "ही तुझी! इथे कोनी बसत नाही. कितीले आजीची चेअर!"

नसीमभाभींचा कप तोंडापाशीच थांबला.

"तिकडंही हेच खेळते हो काकू," पल्लवी हसत म्हणाली. "आई इकडं परत आली तरी हिचं चालूच. रोज डेकवर चार खुर्च्या मांडायच्या. चौथीवर मला पण बसू देत नाही."

मी खुर्चीवर बसले. गादी मऊ होती. शोभा अजून गाळणीतच पाहत होती, आणि गाळणीत तर चहा कधीचा संपला होता.

शेवटी तिनं कप माझ्या हातात दिला. पदरानं तोंड पुसलं.

"ठेवला ना पाय? मंग आयक आता," ती म्हणाली. "सागवान धरून, सुतार धरून, डेक पडला मले..."

"चाय घे वं शोभा," मी म्हटलं. "निवून राह्यली."